चार नंबरचं कार्ड

दिग्रसच्या बसस्थानकामागच्या गल्लीत मारोतीचा फोटो स्टुडिओ आहे. फोटो मारोती काढायचा, बाकी सगळं त्याची बायको कांता करायची. बाकी सगळं म्हणजे कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर घेणं, वेळेप्रमाणे लावणं, डोळे मिटलेले फोटो काढून टाकणं, अल्बम छापायला पाठवणं आणि उशीर झाला की लोकांची बोलणी खाणं. सव्वीस वर्षं असं चाललं. मारोतीला कॉम्प्युटर चालू करता यायचा. बंद करताना तो बटण दाबून धरायचा आणि कांता आतून ओरडायची.

कांता जाऊन तेहतीस दिवस झाले होते.

त्या दिवशी सकाळी शटर अर्धं उघडलं तोच पंचफुलाबाई वाकून आत आली. आर्णी रस्त्यावरच्या गावची ही बाई. नवरा नाही. तिच्या मुलीच्या, उज्ज्वलाच्या लग्नाचे फोटो मारोतीनं काढले होते.

"जयभीम, मारोतीभाऊ."

"जयभीम. बसा."

"बसाले नाई आली. फोटो द्या."

मारोती स्टूल पुसत राहिला.

"तुमच्यावर काय गुजरलं मले माहीत आहे," पंचफुलाबाई म्हणाली. "म्हणून महिनाभर तोंड उघडलं नाई. पण जावई मंगळवारी ड्युटीवर चालला. फौजेत नोकरी आहे त्याची. लग्नाची नोंद झाल्याशिवाय पोरीचं नाव कागदावर चढत नाई, आन् नोंदीले हार घालतानाचा फोटो मागून राह्यले. मोबाइलवर काढलेले दाखवले, त्यात पोरीचं तोंडच नाई, नुस्ती गर्दी. एक फोटो द्या भाऊ. अल्बम दिवाळीत दिला तरी चालते."

"कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर येऊन नाई राह्यले फोटो," मारोती म्हणाला. "वायरचा काहीतरी लफडा आहे."

"मागच्या आठवड्यातही वायरच होती."

"तीच आहे."

"मंग दुसरी आणा ना बापा! वायर आहे का बायको, की दुसरी भेटत नाई?"

बोलून गेल्यावर पंचफुलाबाईनं जीभ चावली. वर भिंतीवर कांताचा फोटो होता, हार घातलेला. तिनं फोटोकडे पाहून हात जोडले आणि म्हणाली, "मी दीपाले फोन केला. आज येते म्हणाली ते. संध्याकाळी चक्कर मारतो मी."

दीपा म्हणजे मारोतीची एकुलती एक मुलगी. उमरखेडला दिली होती, चार वर्षं झाली. तिला कॉम्प्युटर आईइतकाच येत होता, आईनंच शिकवला होता. ती येणार हे ऐकून मारोतीनं टेबलाच्या खणाकडे पाहिलं.

वायरचा लफडा नव्हता. वायरी दोन होत्या. एकीत दोष होता, तिला कांतानं गाठ मारून ठेवली होती. दुसरी चांगली, तिच्या पिनेवर कांतानं लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. कांताचं सगळं असं ठिपक्यांवर चालायचं. कॅमेऱ्याची सहा कार्डं होती, एक ठिपका ते सहा ठिपके. उज्ज्वलाचं लग्न चार ठिपक्यांच्या कार्डावर होतं, आणि त्यातला एकही फोटो तेहतीस दिवसांत कॉम्प्युटरवर गेला नव्हता. ठिपक्याची वायर मारोतीनं स्वतः खणात, अल्बमच्या रिकाम्या पुठ्ठ्यांखाली सरकवून ठेवली होती. कुणी फोटो मागायला आलं की तो गाठीची वायर लावून दाखवायचा. पडद्यावर काही येत नसे. हे बघा, म्हणायचा.

शेजारी रामसिंगचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्यानं दोनदा येऊन खटपट केली होती. वायर या भोकात घाल, त्या भोकात घाल, कॅमेरा बंद करून चालू कर, कॉम्प्युटर बंद करून चालू कर. शेवटी म्हणाला, "भाऊ, कॅमेऱ्याचं भोकच ढिलं झालं. म्हातारं झालं मशीन, तुमच्यावानी. आता कार्ड काढा, कार्ड रीडरमधी टाका. माझ्या दुकानात आहे, आणू का?" मारोती म्हणाला, राहू दे, दीपा येईल तेव्हा पाहू. रामसिंगला नवल वाटलं, तरी तो आपल्या दुकानात परत गेला. कांता गेली त्या दिवशी तिला ऑटोत घालून दवाखान्यात नेणारा रामसिंगच होता.

त्या दिवशी मारोती उज्ज्वलाच्या लग्नात होता. लग्न लागलं, जयमंगल अष्टगाथा झाली, सगळ्यांनी साधू साधू म्हटलं, आणि पावणेएकला पंचफुलाबाईचा भाऊ म्हणाला, फोटोवाल्या भाऊले पहिल्या पंगतीत बसवा, मंग त्यायले टाईम नाई भेटत. मारोती बसला. बारा पन्नासला खिशातला फोन थरथरला. त्यानं डाव्या हातानं काढून पाहिला. कांता. उजवा हात वरणानं माखलेला होता. येताना काहीतरी आणायला सांगत असेल, असं त्याला वाटलं. फोन त्यानं परत खिशात टाकला. बारा पंचावन्नला परत थरथरला. एक दहाला परत. रामसिंग जेवून दुकानात आला तेव्हा पावणेदोन झाले होते, आणि कांता काउंटरवर डोकं टेकून बसलेली होती. डॉक्टर म्हणाले, छातीतलं दुखणं होतं, थोडं आधी आणायला पाहिजे होतं.

दीपा रात्री दवाखान्यात पोचली. तिनं आईचा फोन उघडून पाहिला आणि विचारलं, "बाबा, आईनं तीनदा फोन लावला तुम्हाले. काय करत होते?"

मारोती म्हणाला, "हार घालणं चालू होतं बेटा. कॅमेरा हातात होता."

दीपानं मान हलवली. 

एवढंच. पण कॅमेरा प्रत्येक फोटोवर वेळ लिहून ठेवतो, हे मारोतीला माहीत होतं. कांता फोटो वेळेप्रमाणे लावताना मोठ्यानं वाचायची, इतक्या वाजता हार, इतक्या वाजता पंगत, आणि त्याला चिडवायची की पंगतीपासून पुढं अर्धा तास तुमचा एकही फोटो नाही, झोपले होते का जेवून? चार नंबरच्या कार्डातही तसंच असणार. पावणेएकला सगळं थांबलेलं. दीपानं ते उघडलं की बापाचं एक वाक्य खोटं ठरणार. आणि मुलीखेरीज त्याचं आता कुणी उरलं नव्हतं.

कार्ड मोडून टाकावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं होतं. एकदा त्यानं ते हातात घेऊन थोडं वाकवूनही पाहिलं. पण सव्वीस वर्षांत त्याच्या दुकानातून कुणाचं लग्न हरवलं नव्हतं.

दीपा अकराच्या गाडीनं आली. आल्या आल्या पदर खोचून तिनं टेबल पुसलं, कॉम्प्युटर चालू केला, कॅमेरा घेतला.

"वायर कोणती लावता?"

मारोतीनं गाठीची वायर पुढं केली. दीपानं ती जोडली, कॅमेरा चालू केला, वाट पाहिली. काही आलं नाही. तिनं पिन काढली, फुंकर मारली, मागच्या बाजूच्या भोकात लावली. काही नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. मग वायर डोळ्यांजवळ धरली.

"हिच्यावर आईचा ठिपका नाई."

तिनं वायर फिरवून दुसरं टोक पाहिलं.

"आन् ही गाठ पाहा. आई गाठ कायले मारे माहीत आहे ना तुम्हाले? ही खराब आहे. महिनाभर तुम्ही खराब वायर लावून राह्यले, बाबा?"

"मले काय समजते त्यातलं."

दीपानं खण उपसायला सुरुवात केली. तिसऱ्या खणात पुठ्ठ्यांखाली वायर सापडली. तिनं ती वर काढून ठिपका पाहिला आणि मग बापाकडे पाहिलं. "इथं कोणं कोंबली?" असं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता वायर जोडली. पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्र आलं. चारशे अकरा फोटो.

तिनं सगळे निवडून कॉपीला लावले. हिरवी पट्टी सरकू लागली आणि एकोणीस फोटोंनंतर थांबली. फाईल वाचता येत नाही, असा संदेश आला. तिनं परत लावलं. परत एकोणीस. कॅमेरा बंद पडला.

"झालं?" मारोतीनं विचारलं. त्याच्या आवाजात आशा होती, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"झालं कसं? बॅटरी उतरली असन. चार्जिंगले लावा ते. आन् रामसिंगकाकाकडून कार्ड रीडर आणा."

मारोती गेला. रामसिंग म्हणाला, "पाह्य, म्हणलं होतं ना मी?" आणि स्वतःच रीडर घेऊन आला. दीपानं कार्ड काढलं. कार्डाच्या मागच्या सोनेरी पट्ट्या काळपट पडल्या होत्या.

"ओला हात लागला काय याले?"

"घामाचा असन," मारोती म्हणाला. वाकवून पाहिलं तेव्हाचा.

"खोडरबर आहे का?"

रामसिंग हसला. "आता पोरगी पेपर लिहिते काय?"

"काका, तुम्ही दुरुस्ती करता का नुस्ते कव्हर विकता?" दीपा म्हणाली. कांताच्या हिशेबाच्या वहीशेजारी खोडरबर होतंच. तिनं पट्ट्या हलक्या हातानं घासल्या, सुती कपड्यानं पुसल्या, कार्ड रीडरमध्ये घातलं. रामसिंगच्या दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून तो निघून गेला.

पडद्यावर आलं, कार्डात बिघाड आहे, फॉरमॅट करायचं का? दीपाचं बोट माऊसवर थांबलं. मारोती मागं उभा होता. हो म्हटलं असतं तर सगळं पुसलं गेलं असतं आणि कुणाचा दोषही निघाला नसता. दीपानं नाही वर दाबलं. कार्ड काढून परत घातलं. फोल्डर उघडलं.

"एकदम नाई घेत," ती म्हणाली. "पंचवीस पंचवीस घेतो. आई असंच करे."

पंचवीस आले. मग अजून पंचवीस. दोन फोटो मध्येच अडकले, ते तिनं सोडून दिले. दुपारचे अडीच वाजून गेले. दोघंही जेवले नव्हते, कुणी विषय काढला नाही. मारोती दारातल्या स्टुलावर जाऊन बसला. पडद्याकडे पाठ केली.

"बाबा."

तो वळला नाही.

"इकडं या."

तो उठून गेला. पडद्यावर सगळ्यात पहिला फोटो होता. दुकानातल्या भिंतीवरचं घड्याळ, दहा वाजायला वीस मिनिटं. कांता कार्ड मोकळं केलं की आधी घड्याळाचा एक फोटो काढायची, तो कॉम्प्युटरवर येतो की नाही पाहायची, आणि मगच कॅमेरा त्याच्या गळ्यात द्यायची. घड्याळाच्या काचेत तिचा कोपर आणि पिवळ्या पातळाचा काठ दिसत होता. तोंड दिसत नव्हतं.

"हा आईनं काढला," दीपा म्हणाली. बराच वेळ तो तसाच राहू दिला. मग पुढं सरकवलं. मांडव, पाहुणे, नवरदेव. खाली वेळ लिहिलेली होती आणि दीपा मनातल्या मनात ती वाचत होती, ओठ हलत होते. पुढं, पुढं. उज्ज्वलाच्या हातात हार, हात वर. दीपा थांबली.

"बारा पन्नास," ती म्हणाली.

मारोतीला कळलं नाही.

"बारा पन्नासले हार घालणं चालू होतं. बारा पंचावन्नले, हे पाहा, नवरदेवाचा हार. एक दहाले फुलं टाकून राह्यले लोक." तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "बाबा, मी ना... मी पंचफुलाबाईच्या फोनसाठी नाई आली. मी हे पाहाले आली. दवाखान्यात तुम्ही सांगतलं ना, माझा विश्वास नव्हता बसला. तेहतीस दिवस मी घरात कोणाशी धड बोलली नाई. वाटे, बाबा जेवत बसले असतील, नाई तर कोणाशी गप्पा हाणत असतील. आन् तुम्ही खरंच..."

ती रडू लागली. त्याचा हात धरून रडू लागली, लहानपणी रडायची तशी मोठ्यानं. मारोती तसाच उभा होता. काय चाललं आहे ते त्याला समजत नव्हतं. हार पावणेएकच्या आधीच झाले होते, हे त्याला पक्कं माहीत होतं. हार झाले तेव्हा मांडवातल्या भोंग्यावरून वेळ सांगितली होती. मग कॅमेरा खोटं कसं बोलला?

"मी चहा आणतो," दीपा डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाई. थांबा, पोहेही आणतो."

ती गेली. मारोती पडद्यासमोर बसला. माऊस कसा फिरवायचा ते त्याला येत होतं. त्यानं फिरवत फिरवत पहिला फोटो आणला. घड्याळात दहाला वीस कमी. खाली कॅमेऱ्याची वेळ, नऊ चाळीस. आणि त्याला आठवलं की त्या दिवशी तो सव्वानऊच्या काळीपिवळी जीपनं गेला होता. घड्याळ नऊ चाळीस दाखवत असताना तो अजून दुकानातच होता.

दोन वर्षांपूर्वी एका तांड्यावरच्या लग्नात तो उशिरा पोचला होता. लग्न लागून गेलं होतं. नवरदेवाच्या बापानं, धावजीनं, फोटोसाठी सगळं लग्न पुन्हा करायला लावलं, आणि बाजारात वर्षभर ते हसण्यावारी चाललं. त्यानंतर कांतानं दुकानातलं घड्याळ अर्धा तास पुढं केलं, आणि ते पाहून कॅमेऱ्यातलंही. महिनाभर त्याला सांगितलंसुद्धा नाही. मग सांगितलं तेव्हा म्हणाली, तुमचा अर्धा तास मी माझ्याजवळ ठेवून राह्यली. दीपा तेव्हा सासरी होती. तिला हे ठाऊक नव्हतं, आणि मारोतीच्याही ते ध्यानातून गेलं होतं. ज्या खिळ्यावर घड्याळ होतं त्यावर नातेवाइकांनी कांताचा फोटो लावला, आणि घड्याळ काउंटरखाली पालथं पडून होतं.

दीपा चहा-पोहे घेऊन आली. तिचा चेहरा मोकळा झाला होता. तिनं कागद फाडून पोहे त्याच्यापुढं ठेवले, लिंबू पिळलं.

"खा ना बाबा."

मारोतीनं पोह्यांना हात लावला नाही. तो खाली वाकला, घड्याळ काढलं, बाहीनं पुसलं आणि काउंटरवर ठेवलं. ते चालू होतं. पावणेचार दाखवत होतं.

"तुह्या मोबाइलात किती वाजले?"

"सव्वातीन."

"हे तुह्या आईनं अर्धा तास पुढं केलतं. मी उशीर करतो म्हणून. कॅमेऱ्यातलंही तिनंच केलतं."

दीपा घड्याळाकडे पाहत राहिली. मग पडद्याकडे. ती हिशेबाला आईसारखी होती, तिला वेळ लागला नाही.

"म्हणजे बारा पन्नासले हार नव्हते चालू."

"नाई. झालते."

"मंग कुठं होते?"

"पंगतीत."

"फोन आईचा आहे हे पाह्यलं होतं?"

"पाह्यलं होतं."

"तीनही वेळा?"

"तीनही वेळा."

गल्लीत रामसिंग कुणाला तरी काच बदलायचे दर सांगत होता. दीपानं चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"काय होतं जेवाले?"

मारोतीला वाटलं, हे विचारायला नको होतं. पण तिनं विचारलं होतं.

"वरण-भात. वांग्याची भाजी. बुंदी." तो थांबला. "बुंदी मी दुसऱ्यांदा घेतली."

दीपानं मान हलवली, दवाखान्यात हलवली होती तशीच. मग ती वळून कॉम्प्युटरसमोर बसली. उरलेले फोटो तिनं पंचवीस पंचवीस करून घेतले. हार घालतानाचे चार फोटो वेगळे काढून पेन ड्राइव्हवर टाकले, ते नीट उघडतात की नाही पाहिलं. कार्ड पुसलं नाही. डबीत ठेवलं, डबी बापाच्या हातात दिली. पिशवी खांद्याला लावली.

"आज राह्यणार होती ना?"

"पावणेचारची गाडी आहे."

ती गेली. मारोती बसून राहिला. काउंटरवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा त्याला वाटलं, गेली गाडी. मग त्याला तो अर्धा तास आठवला आणि तो उठला. गाडी गेलेली नव्हती. पाच मिनिटं बाकी होती. तो शटर न ओढताच निघाला, बसस्थानकात शिरला, पुसदवरून उमरखेडला जाणारी गाडी फलाटाला लागलेली होती. दीपा खिडकीत बसली होती. तिनं त्याला येताना पाहिलं. तोंड फिरवलं नाही, हातही केला नाही.

तो खिडकीखाली उभा राहिला.  कंडक्टर दार ओढून घेत होता.

"त्या बाईले फोटो आजच द्या," दीपा म्हणाली.

"देतो."

गाडी घरघरली.

"पोचली की फोन कर, बेटा."

दीपानं खाली पाहिलं.

"उचलाल?"

तो हो म्हणाला, पण तोवर गाडी मागं वळत होती आणि तिला ऐकू गेलं की नाही ते त्याला समजलं नाही.

दुकानात पंचफुलाबाई येऊन बसलेली होती. रामसिंगनं फोटो आले म्हणून सांगितलं होतं तिला. मारोतीनं पेन ड्राइव्ह तिच्या हातात दिला आणि कॉम्प्युटरवर फोटो दाखवला. उज्ज्वलाचे हात वर, तोंड पूर्ण दिसत होतं, हसताना. पंचफुलाबाई जवळ जाऊन पाहत राहिली.

"बेस झाला भाऊ. अगदी वेळेवर दाबलं तुम्ही बटण." मग तिचं लक्ष थंड पडलेल्या पोह्यांकडे गेलं. "हे काय, जेवले नाई?"

मारोतीनं ऐकलं नाही. त्यानं खिशातून फोन काढला, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि घड्याळाशेजारी ठेवला.